[मंडळ-गप्पा] रुकी ड्राफ्टचं भाकीत: ट्रेड झाल्यावर गुण कसे द्यायचे?

प्रेषक: मेधा
गुरुवार, १५ मे २०२५, सकाळी ७:४०

मंडळी,

आपल्या फँटसी लीगच्या रुकी ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनएफएलमधल्या (अमेरिकन फुटबॉल) नवख्या खेळाडूंच्या निवडीत, कोण कोणाला घेईल याच्या भाकितांची शीट मी तात्पुरती बंद केली आहे. मंगळवारी रात्री शिरीषने १.०३, म्हणजे पहिल्या फेरीतला तिसरा पिक (निवडीची पाळी), परागला दिला, बदल्यात १.०५ आणि २०२६ चा दुसऱ्या फेरीतला पिक घेतला. तोवर आठ जणांची भाकितं आलेली होती आणि त्यातल्या सहा जणांनी १.०३ समोर "शिरीष – कॅम वॉर्ड" लिहिलं आहे. साहजिकच आहे, वॉर्ड क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा) आहे. १० मेला डेरेक कारने निवृत्ती जाहीर केली तेव्हापासून शिरीषकडे धड एकच क्वार्टरबॅक उरलाय.

आता शिरीष १.०५ वर आहे. तिथे त्याने वॉर्डच घेतला तर या सहा जणांना काय द्यायचं? संघ बरोबर, खेळाडू बरोबर, क्रमांक दोन घरं सरकलेला. आपला नियम एवढाच आहे: अचूक क्रमांकाला ३ गुण, एक घर इकडेतिकडे असेल तर १. म्हणजे सगळ्यांना शून्य. मला हे बरोबर वाटत नाही. शनिवारी २४ तारखेला पिकनिकला ड्राफ्ट आहे, त्याआधी ठरवूया.

मेधा

---

प्रेषक: अविनाश
गुरुवार, १५ मे, सकाळी ८:२५

मेधा,

नियम स्पष्ट आहे. गुण क्रमांकाला आहेत. २०२१ पासून तसंच चाललंय आणि कमिशनर म्हणून मी ते ऐन वेळी बदलणार नाही. ट्रेड हा ड्राफ्टचा भागच आहे. ज्याला भाकीत करायचं त्याने ट्रेडचाही अंदाज घ्यावा.

शिवाय माणूस काय करेल यावर गुण ठेवणं धोक्याचं आहे. २०२० च्या पहिल्या ड्राफ्टच्या वेळी मी आठवडाभर सगळ्यांना सांगत होतो की मी जोनाथन टेलर घेणार. मनातही तेच होतं. माझी पाळी आली आणि मी क्लाइड एडवर्ड्स-हेलेअरचं नाव घेतलं, कारण एनएफएल ड्राफ्टमध्ये चीफ्सनी त्याला पहिल्या फेरीत, ३२ वा घेतला होता आणि मागे त्यांचा क्वार्टरबॅक महोम्स उभा होता. टेलर राहिला, जस्टिन जेफरसनही राहिला. जेफरसनने त्याच वर्षी १,४०० यार्ड केले. सांगायचं हे की मी काय करणार हे मलाच दहा सेकंद आधी ठाऊक नव्हतं, तर दुसऱ्याने ते ओळखलं म्हणून गुण कसले द्यायचे? क्रमांक निदान जागचा हलत नाही.

अविनाश

---

प्रेषक: ऋचा
गुरुवार, १५ मे, सकाळी १०:०२

नमस्कार सगळ्यांना, मी यंदाच भाग घेतेय.

माझी शीट मी २० एप्रिललाच भरली होती, एनएफएल ड्राफ्टच्या आधी. त्यात मी शेडूर सँडर्स १.०४ ला लिहिलाय. तो पाचव्या फेरीत, १४४ वा गेला. ट्रेडमुळे बाकीच्यांना बदल करता येणार असेल तर मलाही येईल का? आणि एक शंका. वॉर्डला टायटन्सनी सगळ्यात पहिला घेतला, तरी सगळ्यांच्या शीटमध्ये १.०१ ला जेंटी का?

ऋचा

---

प्रेषक: अविनाश
गुरुवार, १५ मे, सकाळी १०:३०

ऋचा, स्वागत. आपली लीग सुपरफ्लेक्स आहे, म्हणजे आपल्या संघात एक जागा अशी असते जिथे दुसरा क्वार्टरबॅक खेळवता येतो, म्हणून क्वार्टरबॅक महाग होतात. तरीही जेंटी वेगळा आहे. बॉइसी स्टेट कॉलेजात शेवटच्या मोसमात २,६०१ यार्ड धावला. बॅरी सँडर्सचा १९८८ चा २,६२८ चा विक्रम थोडक्यात वाचला. रेडर्सनी त्याला सहावा घेतला. रनिंग बॅकसाठी (चेंडू घेऊन धावणाऱ्यासाठी) कोणी इतका वरचा पिक घालवलाय म्हणजे चेंडू त्याच्याच हातात राहणार. वॉर्ड चांगला आहे, पण यंदाच्या वर्गात त्याच्यानंतर क्वार्टरबॅक विरळच. जॅक्सन डार्ट जायंट्सकडे २५ वा गेला, मग थेट टायलर शॉ ४० वा.

शीट बदलण्याबद्दल मेधा ठरवेल.

अविनाश

---

प्रेषक: रवी
गुरुवार, १५ मे, दुपारी १२:१५

शॉचं नाव निघालं म्हणून. कार निवृत्त झाल्यावर सेंट्सकडे शॉला चांगली संधी आहे. मग शिरीषने वॉर्डसाठी धडपडायचं कारणच काय? दुसऱ्या फेरीत शॉ घ्यावा आणि १.०५ ला मॅकमिलन. शॉ पंचवीस वर्षांचा आहे, सात वर्षं कॉलेजात काढली, मान्य. पण लगेच खेळेल.

ता.क. एनएफएल ड्राफ्ट बघायला ग्रीन बेला आम्ही तिघं गेलो होतो. गुरुवारी ऑफिस अर्धं टाकून गाडीने निघालो, पॅकर्सच्या लॅम्बो स्टेडियमच्या बाहेर इतकी गर्दी मी आयुष्यात पाहिली नाही. २३ व्या पिकला मॅथ्यू गोल्डनचं नाव आलं तेव्हा शेजारचे अनोळखी आजोबा माझ्या गळ्यात पडले. २००२ मध्ये जॅव्हॉन वॉकर घेतला होता, त्यानंतर पॅकर्सनी पहिल्या फेरीत रिसिव्हर (पास झेलणारा) घेतला तो हाच. ४.२९ सेकंदात चाळीस यार्ड. मी तिथे होतो हे मी नातवंडांना सांगणार आहे.

रवी

---

प्रेषक: केदार
गुरुवार, १५ मे, दुपारी १२:४०

रवी, ४.२९ ठीक आहे, पण पॅकर्समध्ये चेंडू पाच जणांत वाटला जातो. कोणी एक रिसिव्हर मोठा होतच नाही. आमच्या बेअर्सनी कोल्स्टन लव्हलंड दहावा आणि ल्यूथर बर्डन ३९ वा घेतला, आणि आता नवे प्रशिक्षक बेन जॉन्सन खेळ आखणार. लव्हलंड टाइट एंड आहे (अडवतो आणि पासही झेलतो), आणि आपल्याकडे टाइट एंडच्या प्रत्येक झेलाला दीड गुण आहे. लव्हलंड पहिल्या सातात जाईल.

केदार

---

प्रेषक: रवी
गुरुवार, १५ मे, दुपारी १२:५५

टाइट एंडच हवा असेल तर टायलर वॉरेन. पेन स्टेटला एका मोसमात १०४ झेल. कोल्ट्सकडे त्याला लगेच जागा आहे. लव्हलंडसमोर मूर, ओडुंझे, बर्डन एवढे हात आधीच पसरलेले आहेत.

रवी

---

प्रेषक: शुभांगी
गुरुवार, १५ मे, दुपारी १:३०

पिकनिक समितीकडून: याच धाग्यावर लिहिते कारण इथे सगळे वाचताहेत. शेल्टरच्या लाकडी खांबांना चिकटपट्टी किंवा खिळे लावायला फॉरेस्ट प्रिझर्व्हची परवानगी नाही. गेल्या वर्षी ड्राफ्टचा बोर्ड खांबाला बांधला होता, यंदा घडीचं स्टँड आणा. प्लगच्या जागा दोनच आहेत आणि त्यातली एक चहाच्या भांड्याला लागते. बटाटेवडे दीडशे सांगितलेत. लहान मुलांची जेवणं १२ वाजता, त्यामुळे ड्राफ्ट २ च्या आधी सुरू होणार नाही.

शुभांगी

---

प्रेषक: सुलभा
गुरुवार, १५ मे, संध्याकाळी ६:१०

अविनाश, तुझ्याशी मी सहमत नाही, आणि का ते सविस्तर लिहिते.

२६ एप्रिलला एनएफएल ड्राफ्ट संपला. त्यानंतर कोण कुठल्या फेरीत गेला, कुठल्या संघात गेला, तिथे त्याच्यापुढे कोण आहे, हे तुम्हा सगळ्यांना सारखंच माहीत असतं. सगळे त्याच याद्या वाचतात. जेंटी १.०१ ला लिहून आठच्या आठ जणांना तीन गुण मिळणार. त्यात भाकीत कुठे आलं? खरा अंदाज पुढे सुरू होतो, आणि तो खेळाडूचा नसतो, पिक करायला बसलेल्या माणसाचा असतो.

गेल्या वर्षी मी जिंकले ते कशाने? ब्रॉक बॉवर्स सहावा जाईल असं सगळ्यांनी लिहिलं होतं. मी रवीच्या नावासमोर चौथा लिहिला. रवीने त्याआधीच्या आख्ख्या मोसमात दर आठवड्याला टाइट एंड बदलला होता, आणि दिवाळीच्या फराळाला माझ्या स्वयंपाकघरात उभं राहून अर्धा तास तेच बोलत होता. चकली हातात तशीच राहिली होती. मी तेव्हाच ओळखलं की हा माणूस आता टाइट एंडसाठी थांबणार नाही. बॉवर्सने पहिल्याच वर्षी ११२ झेल घेतले, आजवर कुठल्याही रुकीने घेतले नव्हते इतके. ते मला माहीत असायचं कारण नव्हतं. मला रवी माहीत होता.

तू २०२० चं सांगितलंस. तू आधीचं पूर्ण वर्ष महोम्सचे सामने बघून मला फोनवर त्याचंच सांगायचास. मी त्या वेळी शीट भरली असती तर तुझ्यासमोर चीफ्सचाच खेळाडू लिहिला असता. तुला स्वतःला दहा सेकंद आधी कळलं, म्हणून दुसऱ्याला कळत नाही असं नाही.

शिरीष १.०३ वर असो की १.०५ वर, त्याला क्वार्टरबॅक हवा आहे. हे ओळखणाऱ्याला गुण मिळायलाच हवेत.

सुलभामावशी

---

प्रेषक: अविनाश
गुरुवार, १५ मे, संध्याकाळी ७:००

मावशी, तुमचा मान आहेच. पण ही स्पर्धा लीगच्या बारा जणांसाठी सुरू झाली होती. ती मंडळातल्या सगळ्यांना खुली केली ती मेधाच्या आग्रहाने, २०२३ मध्ये. लीगचे नियम लीगमध्येच ठरावेत एवढंच माझं म्हणणं आहे.

अविनाश

---

प्रेषक: पराग
गुरुवार, १५ मे, रात्री ९:२०

कालपासून दोन जणांनी मला फोन करून विचारलं की १.०३ का घेतलास, म्हणून सगळ्यांना एकदाच सांगतो. शीट सगळ्यांना दिसत होती. मी ती उघडली. १.०४ समोर आठापैकी पाच जणांनी "निखिल – ओमारियन हॅम्प्टन" लिहिलेलं होतं. त्यातलं एक सुलभामावशींचं होतं. मला रनिंग बॅक हवाच होता. हॅम्प्टन चार्जर्सकडे २२ वा गेलाय, तिथला प्रशिक्षक हार्बॉ धावण्यावर खेळतो, आणि नाजी हॅरिस तिथे एका वर्षाच्याच कराराने आलाय. मी १.०५ ला वाट बघत होतो की तो माझ्यापर्यंत येईल. मावशींनी लिहिलंय म्हटल्यावर तो येणार नाही हे पक्कं झालं. मी शिरीषला फोन केला.

मी काही चोरून पाहिलं नाही. लिंक याच लिस्टवर आली होती.

पराग

---

प्रेषक: निखिल
गुरुवार, १५ मे, रात्री ९:४५

म्हणजे माझ्या घरातूनच बातमी फुटली. मी आईला हॅम्प्टनबद्दल एक शब्दही बोललो नव्हतो.

मेधाताई, स्पर्धेची शीट लीगच्या मॅनेजर लोकांना (संघ चालवणाऱ्यांना) दिसायला नको. मला १.०४ साठी वर्षभर थांबावं लागलं आहे.

निखिल

---

प्रेषक: सुलभा
गुरुवार, १५ मे, रात्री १०:३०

निखिल, तू बोलला नव्हतास हे खरं. पण ख्रिसमसच्या सुट्टीत तू नॉर्थ कॅरोलायनाचे जुने सामने लावून बसला होतास, आणि एकाच मुलाचं धावणं मागे नेऊन परत परत बघत होतास. मी शेजारी पालेभाजी निवडत होते. त्याचं नाव मी तेव्हा टीव्हीवर वाचलं.

मी लिहायला नको होतं असं आता मला वाटतं. शीट परागलाही दिसते हे माझ्या ध्यानातच आलं नाही. तुझं नुकसान माझ्यामुळे झालं, आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतंय. उद्या सकाळी फोन कर.

आई

---

प्रेषक: केदार
शुक्रवार, १६ मे, सकाळी ७:१५

निखिल, हॅम्प्टन गेला तरी १.०४ वाईट नाही. ट्रेव्हियन हेंडरसन पेट्रियट्सकडे ३८ वा गेलाय. ओहायो स्टेटला जडकिन्सबरोबर अर्धंअर्धं खेळूनही राष्ट्रीय विजेतेपद घेतलं त्याने. पास पकडतो, चुका करत नाही. मी तुझ्या जागी असतो तर मागे सरकून आणखी एक पिक घेतला असता. माझ्याकडे १.०८ आहे, फोन कर.

केदार

---

प्रेषक: अविनाश
शुक्रवार, १६ मे, सकाळी ८:०५

शीट मॅनेजर लोकांना दिसत होती हे मला आधी माहीत असतं तर मी तेव्हाच बंद करायला सांगितली असती. ट्रेड मात्र कायम राहील. परागने नियम मोडलेला नाही.

आणि मावशींच्या एका भाकितावर कोणी पुढच्या वर्षीचा दुसऱ्या फेरीतला पिक मोजतो, म्हणजे माणूस ओळखून लिहिलेल्याला किंमत आहे हे मला मान्य करावं लागतं. क्रमांकाचे गुण मात्र काढू नका.

अविनाश

---

प्रेषक: मेधा
शुक्रवार, १६ मे, दुपारी १२:२०

मंडळी, असं करतेय.

जुन्या सगळ्या शीट रद्द. ऋचा, तुझीही, त्यामुळे सँडर्सची काळजी सोड. प्रत्येकाने नव्याने भरायचं आणि मला एकटीला मेल करायचं. गुरुवार २२ मे, रात्री ९ पर्यंत. कोणाला दाखवणार नाही. मी स्वतः यंदा भाग घेत नाही.

क्रमांक आणि खेळाडू जुळले तर ३, एक घर चुकलं तर १, अविनाशदादांच्या नियमाप्रमाणेच. त्याशिवाय संघ आणि खेळाडू जुळले तर २, मग तो संघ ड्राफ्टच्या दिवशी कुठल्याही क्रमांकावर का बसेना. ट्रेड ड्राफ्ट चालू असताना झाला तरी हेच.

निखिल, शीट उघडी ठेवणं ही माझी चूक होती, मावशींची नाही.

मेधा

---

प्रेषक: रवी
शुक्रवार, १६ मे, दुपारी १२:५०

ठीक. पण मी मॅनेजरही आहे आणि भाकीतही भरतोय. माझ्या स्वतःच्या १.०९ समोर मी जे लिहीन त्याला पाच गुण मिळवायचे तर मला तेच घ्यावं लागेल. हे कसं?

रवी

---

प्रेषक: मेधा
शुक्रवार, १६ मे, दुपारी १:०५

स्वतःच्या पिकचे गुण मोजणार नाही. ती ओळ रिकामी सोडा.

आतापर्यंत नवी शीट फक्त सुलभामावशींची आली आहे. बाकी सगळे राहिलेत.

मेधा

---

प्रेषक: शुभांगी
शुक्रवार, १६ मे, दुपारी ३:४०

बोर्डाच्या स्टँडचं कोणीच काही बोललं नाही. निखिल, तुझ्याकडे मराठी शाळेचं स्टँड आहे ना? येताना आण, आणि आईला लवकर घेऊन ये, वड्यांच्या पिठाला मला त्या हव्यात.

शुभांगी

---

प्रेषक: निखिल
शुक्रवार, १६ मे, दुपारी ४:१०

आहे, आणतो. आम्ही दोघं अकराला पोचतो.

निखिल