तीन गाड्या विकून एकच वेगवान एसयूव्ही घ्यावी का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

घरात गाड्या तीन आणि सोसायटीत पार्किंग एकच. बाकीच्या दोन रस्त्यावर लागतात, त्यावरून सतत कुरबुर. घरच्यांचं म्हणणं, तिन्ही काढा आणि सगळं करणारी एकच घ्या. सध्या नजर २०२३ च्या सेकंडहँड बीएमडब्ल्यू एक्स३ एम४०आयवर आहे.

आत्ताच्या गाड्या म्हणजे ऑक्टाव्हिया आरएस २३०, डिझेल थार आणि वॅगनआर.

आरएस माझ्या जिवाची. ताकद २३० पीएस, वजन दीड टनाच्या आसपास. एक्स३मध्ये सहा सिलिंडर, ३६० पीएस, ५०० एनएम टॉर्क (खेचण्याचा जोर), शून्य ते शंभर ४.९ सेकंदांत. सरळ रस्त्यावर आरएस तिच्यापुढे टिकणार नाही. पण वजन जवळजवळ एकोणीसशे किलो, शिवाय उंची. ताम्हिणी घाट जोरात उतरताना ब्रेक तापून पेडल मऊ पडतं का? आणि पावसाळ्यातल्या खड्ड्यांत मोठ्या चाकांच्या पातळ टायरना साइडकट (बाजूची भिंत फाटणं) किती वेळा गेले?

थार वेल्ह्याच्या शेतासाठी आहे. शेवटचा टप्पा भाताच्या बांधालगतचा, जुलैत नुसता चिखल. तिथे फोर-लो (चारही चाकांना संथ पण जास्त जोर देणारा लो रेशो) टाकून दुसऱ्या गिअरमध्ये पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून काढला तरी गाडी आपली आपण चढते. एक्स३ला चारही चाकं ओढतात, पण लो रेशो नाही. पोर्शेने आपल्या कायेन एसयूव्हीच्या पहिल्या पिढीला तो दिला होता, २०१० च्या दुसऱ्या पिढीत काढून टाकला. म्हणजे या वर्गातल्या गाड्यांकडून ती अपेक्षाच आता उरलेली नाही. तरी पावसाळ्यापुरतं वाडीत गाडी लावून चालत जाता येईल. थारवर पाणी सोडायची माझी तयारी आहे.

खरी अडचण वॅगनआरची. आईचे गुडघे दुखतात. ती दाराकडे पाठ करते, सीटवर टेकते आणि मग एकेक पाय आत घेते. त्या गाडीची सीट बरोबर तिच्या कमरेला येते. एक्स३च्या सीटच्या कडा उचललेल्या असतात, त्यावरून तिला सरकता येईल का? वडील अजून स्वतः गाडी चालवत सदाशिव पेठेत डॉक्टरांकडे जातात. वॅगनआरची रुंदी १६२० मिमी, एक्स३ची १८९१. त्या गल्लीत ही सत्तावीस सेंटीमीटर फार होतात. ते ती गाडी हातात घेणार नाहीत, हे मला आत्ताच दिसतंय. शिवाय मी गाडी घेऊन चाकणला गेलो की दिवसभर घरी काहीच नाही. रिक्षा मिळते हो, पण स्वतः किल्ली उचलून निघायची सवय या वयात मोडायला लावणं मला जड जातंय.

त्यामुळे माझा कल आरएस आणि थार काढून एक्स३ घ्यावी आणि वॅगनआर ठेवावी असा आहे. पार्किंगचा प्रश्न मग अर्धाच सुटतो, त्यासाठी शेजारच्या इमारतीत भाड्याने जागा बघतोय.

ज्यांनी खरोखर दोन-तीन गाड्यांच्या जागी एक आणली, त्यांनी कृपया लिहा. गाडी सर्व्हिसला गेल्यावर घर कसं चालवता? वॉरंटी संपल्यावर वर्षाचा खर्च आधीच्या गाड्यांच्या एकत्र खर्चापेक्षा कमी आला की जास्त? आणि घरात गुडघेदुखीचं माणूस असेल तर ते या गाडीत कसं चढतं-उतरतं, हे आवर्जून सांगा. शनिवारी आईवडिलांना घेऊन गाडी बघायला जातोय, त्याआधी कळलं तर फार उपयोग होईल.