‘फोन सायलेंटवर ठेवा’ ही सूचना आता बदलायला हवी

रंगप्रकाश:
नाटकाच्या प्रयोगाआधी घोषणा होते, ‘मोबाइल बंद करा किंवा सायलेंटवर ठेवा.’ या ‘किंवा’नेच घात केला आहे. फोन सायलेंट केला की आपलं कर्तव्य संपलं असं समजून लोक अंधारात खुशाल मेसेज वाचत बसतात. 2019 मध्ये अभिनेते सुमीत राघवन यांनी फोनमुळे नाशिकला प्रयोग थांबवला, त्याच वर्षी अभिनेते सुबोध भावेंनीही जाहीर नाराजी व्यक्त केली. दोन्ही वेळा चर्चा झाली ती वाजणाऱ्या फोनची आणि मग मोबाइलचं नेटवर्क अडवणाऱ्या जॅमरची. खासगी निर्मात्याला जॅमर लावताच येत नाही. आणि लावला तरी स्क्रीन उजळायचा थोडाच थांबणार आहे!

खुर्च्यांच्या रांगा मागे चढत्या असतात. मांडीवर धरलेला फोन शेजाऱ्याला त्रास देत नसेल, पण मागच्या चार-पाच रांगांना आणि बाल्कनीला तो थेट दिसतो. डोळ्याला अंधाराची पूर्ण सवय व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात, आणि ती मोडायला एक पांढरा स्क्रीन पुरतो. नजरेच्या कडेला मंद प्रकाश आणि हालचाल जास्त जाणवते, म्हणून ‘तू तिकडे बघू नकोस’ हे सांगणं निरर्थक आहे. घोषणा एवढीच हवी: ‘तिसऱ्या घंटेनंतर स्क्रीन उजळू देऊ नका.’

दाराशी:
मुद्दा मान्य, पण तुम्ही सगळा दोष प्रेक्षकाच्या खिशात शोधताय. नाट्यगृहाची दारं बघा. फॉयरमध्ये, म्हणजे दाराबाहेरच्या दालनात, ट्यूबलाइट लख्ख, दाराला एकच पडदा, तोही अर्धवट सरकलेला. उशिरा येणारा आत आला की प्रकाशाचा पट्टा थेट मधल्या वाटेवर पडतो. मागोमाग डोअरकीपरचा पांढरा टॉर्च, रांग शोधताना बसलेल्यांच्या तोंडावरून फिरणारा. या गोंधळापुढे एका फोनचं काय घेऊन बसलात? दारात हातभर अंतरावर दोन जाड काळे पडदे लावा, पहिला मिटल्यावरच दुसरा उघडायचा. टॉर्चला लाल जिलेटिन (रंगीत पारदर्शक कागद) लावा, तो गुडघ्याच्या खाली धरा, झोत पुढच्या एका पायरीवर. गडद लाल प्रकाशाने अंधाराला सरावलेली नजर फारशी बिघडत नाही. आणि उशिरा आलेल्यांना पहिल्या ब्लॅकआउटमध्येच, म्हणजे दोन प्रवेशांमध्ये रंगमंचावर काळोख होतो तेव्हाच, आत सोडा.

विंगेतला:
शेवटचं वाक्य मागे घ्या. ब्लॅकआउट ही आत सोडायची सगळ्यात वाईट वेळ. तेव्हा रंगमंचावर लेव्हल (नेपथ्यातले चौथरे) सरकत असतात, नट पुढच्या जागा घेत असतात. दार उघडलं की हे सगळं प्रेक्षकाला दिसतं. भर प्रकाशातून एकदम काळोखात आलेल्या नटाला क्षणभर काहीच दिसत नसतं, तो जमिनीवरच्या रेडियमच्या खुणांवर विसंबून चालतो. समोरून झोत आला तर त्या दिसत नाहीत आणि पाय ठेचकाळतो. येणारा प्रेक्षकही पायरी चुकतो. त्याला सोडावं पुढचा प्रवेश पूर्ण उजळल्यावर, हशा किंवा संगीत चालू असताना, आणि तेही मागच्या रिकाम्या खुर्च्यांवर. स्वतःच्या जागेवर मध्यंतरानंतर. आत सोडायच्या अशा दोन वेळा दिग्दर्शकाने आधीच ठरवून डोअरकीपरला सांगितल्या की रोजची वादावादी संपते.

मागची रांग:
मला या धाग्याचा सूरच खटकतो. गच्च काळोख ही नाटकाची जन्मजात अट नाही. 1876 मध्ये जर्मनीत बायरॉइटला संगीतकार वाग्नरने प्रेक्षागृह अंधारं केलं, तोवर युरोपातही दिवे सहसा चालूच असत. कोकणात देवळाच्या आवारात दशावतार रंगतो तेव्हा प्रेक्षक एकमेकांना दिसतात, आणि रस काही कमी होत नाही. घरी आजारी माणूस असलेल्याने दोन-अडीच तास फोन बघायचाच नाही का? असल्या नियमांनी प्रेक्षक घरी बसेल.

रंगप्रकाश:
दशावतारात खेळच त्या उजेडासाठी बांधलेला असतो. इथे एका कोपऱ्यातल्या मंद दिव्यावर अख्खा प्रवेश उभा असतो, तिथे दुसरा उजेड म्हणजे प्रकाशयोजनेत ढवळाढवळच. अडचण असलेल्यांसाठी सोय जरूर करा: कडेची किंवा शेवटच्या रांगेतली खुर्ची, फोन खिशात व्हायब्रेटवर, थरथरला की बाहेर जाऊन बघायचा. यात कुणावर अन्याय आहे?

दाराशी:
मग नियम मोडणाऱ्याचं काय करायचं? बीजिंगच्या राष्ट्रीय नाट्यगृहात फोन काढणाऱ्याच्या स्क्रीनवर कर्मचारी लेझरचा ठिपका मारतात. इथे करून बघायला हरकत नाही.

विंगेतला:
माझी आहे. तो ठिपका आसपासच्या सगळ्यांनाही दिसतो, म्हणजे एका व्यत्ययावर दुसरा. हात हलला आणि लेझर नटाच्या डोळ्यांत गेला तर इजा वेगळीच. रांगेच्या टोकाशी माणूस नुसता येऊन उभा राहिला तरी बहुतेक फोन मिटतात.

घोषणेत मात्र घड्याळाचं नाव घ्यायलाच हवं. स्मार्टवॉच हात उचलला की उजळतं, म्हणजे टाळ्या वाजवतानासुद्धा. बऱ्याच घड्याळांत थिएटर मोड असतो. अ‍ॅपल वॉचमध्ये दोन मुखवट्यांचं चिन्ह दाबायचं: स्क्रीन आपोआप उजळत नाही, आवाज बंद होतो, मनगटावरची थरथर चालू राहते. फोनमध्ये ‘कॉल आल्यावर फ्लॅश’ आणि सतत उजळ राहणारा डिस्प्ले ही दोन्ही सेटिंगं बंद करावी लागतात, सायलेंट केल्याने ती आपसूक बंद होत नाहीत. हे सगळं दुसऱ्या घंटेलाच सांगा. तिसरीला दिवे मंदावायला लागतात, आणि मग सेटिंग शोधायला लोक पुन्हा स्क्रीनच उघडतात.