मदत हवी आहे: 1969 ची उघडी बीटल घ्यायची आहे, लातूरला सांभाळता येईल का?

नमस्कार मंडळी,

पुण्यात एका गृहस्थांकडे फोक्सवॅगन बीटल विकायला आहे, कापडी हूडवाली, 1969 चं मॉडेल. मागणी 12 लाखांची. रंग नुकताच मारलाय, हूड नवं शिवलंय, गाडी चालू आहे. मी लातूरचा, गाडी इथंच राहणार. रोजच्या वापराला नको, थंडीत सकाळी औसा-तुळजापूर, जमलं तर अंबाजोगाईचा घाट. जर्मनीत ओस्नाब्रुकच्या कार्मान कारखान्यानं 1949 ते 1980 या काळात अशा साधारण 3 लाख 31 हजार गाड्या बांधल्या. त्यातली एक आपल्या भागात चालती राहावी, असं मनापासून वाटतं.

फोटो बघून आमच्या फिटरनं एकच विचारलं, "ही मूळची उघडी हाय का टप कापलेली?" ते कसं ओळखायचं? दुसरं, लातूरचा उन्हाळा हे इंजिन सोसेल का? आणि आरसीची मुदत पुढच्या वर्षी संपते. वडील म्हणायलेत, घ्यायचीच असली तर आधी कागद बघ.

प्रतिसाद

दादा, संभाजीनगरहून लिहितोय. माझ्याकडे बंद बीटल आहे, बरीच वर्षं. तुमच्या फिटरनं नेमका प्रश्न विचारलाय. रंग आणि हूड बाजूला ठेवा, मागचं सीट उचला. तिथं मधल्या उंचवट्यावर चेसिस नंबर पंच केलेला असतो. 1965 च्या मॉडेलपासून पहिले दोन आकडे गाडीचा प्रकार सांगतात आणि तिसरा वर्ष. कार्मानची उघडी गाडी म्हणजे 15, बंद गाडी म्हणजे 11. तुमच्या गाडीचा नंबर 159 नं सुरू व्हायला हवा. 119 निघाला तर ती बंद गाडी होती, नंतर कुणीतरी टप कापला. नंबरच्या आजूबाजूला घासल्याच्या किंवा वेल्डिंगच्या खुणा दिसतात का, तेही उजेड पाडून बघा.

टप कापला की बॉडीची निम्मी ताकद गेली असं समजा. कार्माननं त्यासाठी दाराखाली जास्तीचा जाड पत्रा जोडला होता. कापणारे बहुतेक वेळा तो देतच नाहीत. तपासायला सोपं आहे. दार लावा, मागच्या कडेची फट वरपासून खालपर्यंत बोटानं बघा. मग त्या बाजूचं चाक सुटेपर्यंत जॅकवर गाडी उचला आणि तीच फट परत बघा. फट बदलली, किंवा दार उघडताना अडकलं, तर बॉडी वाकतेय. अशी गाडी फुकट मिळाली तरी घेऊ नका.

गंजही तिथंच. दाराखालच्या पोकळ नळीतून इंजिनाची गरम हवा पुढं जाते आणि ती आतून सडते, बाहेरून रंग चकाचक. कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक खालच्या कडेनं फिरवा. चिकटायचं थांबलं की तिथं पुट्टी आहे. बॅटरी मागच्या सीटखाली उजवीकडं असते, तिच्या खालचा पत्राही ॲसिडनं गेलेला असू शकतो.

इंजिन बंद करून क्रँकची पुली (पंख्याचा पट्टा फिरवणारं खालचं चाक) दोन्ही हातांनी धरा, पुढं-मागं ओढा. टक् असा ठोका हाताला लागला तर इंजिन उघडावं लागणार, तो खर्च किमतीतून वजा करा. हूडची मागची काच खरी काच हवी. प्लास्टिक असेल तर शिवणाऱ्यानं काम स्वस्तात उरकलंय.

उन्हाचं म्हणाल तर रेडिएटरच नाही, जुन्या बजाज स्कूटरसारखा पंखा हवा मारून इंजिन थंड ठेवतो. म्हणून पंख्याचा पट्टा, इंजिनाभोवतीचे पत्रे आणि कडेचं रबर, हे सगळं जागेवर पाहिजे. दुरुस्तीच्या नावाखाली पत्रे काढून फेकलेल्या गाड्या मी पाहिल्यात, खालची गरम हवा पुन्हा वर ओढली जाते. 1969 च्या इंजिनात ऑइल कूलर पंख्याच्या डब्यातच उभा असतो, त्यामुळं तिसरा सिलिंडर आधी तापतो. ऑइल अडीच लिटर, फिल्टर नाही, फक्त जाळी. 5,000 किलोमीटरच्या आत बदलायचंच. मे महिन्यात दुपारी बाहेर काढू नका, बाकी वर्षभर काही अडचण नाही.

मेकॅनिक शोधायला शेंद्र्याच्या, फोक्सवॅगन गटाच्याच स्कोडा कारखान्याकडं बघण्यात अर्थ नाही, तिथली इंजिनं वेगळी. वाळूजचे लेथवाले आणि स्कूटरवर हात बसलेला म्हातारा फिटर, हीच खरी माणसं.

प्रतिसाद

कागदाचं मी सांगतो. आरसीवर बॉडीचा प्रकार काय लिहिलाय ते वाचा. सलून (म्हणजे बंद टपाची) लिहिलं असेल आणि गाडी उघडी असेल, तर गाडीच्या मूळ बांधणीत बदल करायला मनाई करणारं मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आडवं येतं, रिपासिंगला अडकाल. गाडी 50 वर्षांच्या पुढची आहे, त्यामुळं 2021 च्या नियमानुसार व्हिंटेज नोंदणी होऊ शकते: फी 20,000, मुदत 10 वर्षं, आधीच नोंदलेल्या गाडीचा जुना नंबर तसाच राहतो. पण चेसिस, बॉडी, इंजिन मूळचं हवं आणि गाडी नेहमीसारखी रस्त्यावर फिरवता येत नाही. तुम्हाला तुळजापूरला जायचंय, तेव्हा साधी नोंदणीच ठेवा. दर 5 वर्षांनी तपासणी आणि पर्यावरण कर भरायचा.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. विक्रेत्याकडून पुढच्या डिकीतल्या चेसिस नंबरच्या पट्टीचा फोटो आला, नंबर 159 नंच सुरू होतो! सीटखालचा मागितला तर म्हणतात, "या, बघून घ्या."

प्रतिसाद

पट्टी रिव्हेटवर बसते, दुसऱ्या गाडीची लावता येते. सीटखालचा नंबर, पट्टी आणि आरसी, तिन्ही जुळल्याशिवाय इसार देऊ नका. आणि घेतलीत तर पहिल्याच दिवशी पेट्रोलचे सगळे रबरी पाइप आणि क्लिपा बदला. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, त्यात जुनं रबर फुगतं, चिरतं. गळणारा पाइप गरम इंजिनावर असतो, बीटल जळतात त्या अशाच. इथेनॉल चालेल असा पाइप मागून घ्या आणि गाडीत अग्निशामक ठेवा.

धागाकर्ता

रविवारी फिटरला घेऊन निघतोय. जॅक, टॉर्च आणि चुंबक घरूनच नेतो. पुण्यातलं कुणी सोबत यायला तयार असेल तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.