मदत हवी आहे: मीटिंगमधी रोज दिसतात, पण ओळखच होईना

नमस्कार मंडळी, मी परभणीचा, दीड वर्ष झालं पुण्याच्या एका कंपनीचं काम घरूनच करायलो. टीममधी नऊ जण, सगळ्यांची तोंडं रोज स्क्रीनवर दिसतात पण ओळख म्हणावी तशी कुणाचीच नाही. आवाज उशिरा पोचतो, मग दोघं एकदमच बोलतात, 'तुम्ही बोला', 'नाही नाही तुम्ही बोला', आणि तेवढ्यात लाईट जाते (ते तर आमच्याकडं रोजचंच). डोळ्यात बघून बोलावं तर कॅमेरा वर, चेहरा खाली, नजर काही मिळंना.

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मधी लिहिलंय की सारखी जवळून तोंडं बघून, स्वतःचंच तोंड दिसत राहून आणि एका जागी अडकून बसून माणूस थकतो. ते वाचून झूममधी 'हाईड सेल्फ व्ह्यू' केलं (म्हणजे आपलं तोंड आपल्याला दिसत नाही), डोकं जरा कमी दुखायलं. पण ओळखीचं काय?

मागच्या महिन्यात रातच्या ट्रॅव्हल्सनं पुण्याला गेलो, टपरीवर चहा घेता घेता कळलं की टीममधला एक जण जिंतूरचा, म्हणजे आपल्या जिल्ह्यातलाच की! दीड वर्षात हे कळलं नव्हतं बघा.

आता साहेबाला म्हणावं का, महिन्यातून एकदा येऊ द्या म्हणून? तुमच्याकडं भाडं कंपनी देती का? मागायचं कसं, वाईट तर दिसणार नाही ना? का मीटिंगआधी दहा मिनिटं नुसत्या गप्पा ठेवल्या तरी भागतं? कुणी करून बघितलं असंल तर सांगा.