दुसरा नंबर म्हणजे हरणंच का? (भाच्याच्या कुस्तीवरनं घरात पेटलंय)

कराडचा_मामा: मंडळी, भाचा 16 वर्षाचा, चार वर्ष तालमीत आहे. परवा निवड चाचणीत फायनलला गेला आणि एका गुणानं हरला. शेवटी शेवटी ढाकेचा डाव मारायला गेला, पकड सुटली, स्वतःच खाली आला. वस्ताद पाठीवर थाप मारून म्हणाले लढलास, बास. दाजी मात्र गाडीत एक शब्द बोलले नाहीत आणि उंबऱ्यात आल्यावर म्हणतात "दुसऱ्याला गदा देत्यात व्हय?" पोरगं न जेवता झोपलं. मी मधे पडलो तर आता दाजी माझ्याशीबी बोलंनात. पोरानं जीव तोडून केलं, निकाल काय त्याच्या हातात असतो का? गोळेश्वर इथं हाकेवर, खाशाबा जाधवांचं गाव, आणि आमच्याच घरात ही तऱ्हा.

सांगलीकर_रोखठोक: खाशाबांचं नाव घेतलंत तर पूर्ण घ्या. 1948 ला लंडन ऑलिंपिकला ते सहावे आले, किती जणांना माहितीये? 1952 ला हेलसिंकीत ब्राँझ आणलं तेव्हा बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. मेडल आलं म्हणून नाव राहिलं. दाजी कडू बोलले पण खरं बोलले.

तालीमवेडा: ओ रोखठोक, उलटं बघा की. लाल मातीतला गडी लंडनला मॅटवर उतरला आणि सहावा आला, त्याला तुम्ही हरणं म्हणताय? तिथं काय कमी पडतंय ते कळलं म्हणून तर पुढची चार वर्ष तशी घासली. आणि हेलसिंकीत म्हणे एक लांबलेली कुस्ती संपते न संपते तोवर पुढची लावली, विश्रांतीच्या नियमावर भांडायला आपला अधिकारीच जागेवर नव्हता. मग ब्राँझवर थांबले ह्यात त्यांची काय चूक सांगा. मिरवणुकीचं म्हणाल तर पुढं सरकारनं किती विचारलं? अर्जुन पुरस्कार दिला तो ते 1984 ला गेल्यानंतर, मरणोत्तर.

माणदेशी_रनर: आमच्या माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर. 2016 रिओ ऑलिंपिक, स्टीपलचेस म्हणजे अडथळ्यांची शर्यत, हीटमधे 9:19.76, तेव्हाचा नॅशनल रेकॉर्ड. फायनलला दहावी. पी. टी. उषानंतर 32 वर्षांनी ट्रॅकच्या फायनलला गेलेली भारतीय बाई. माणात येऊन दहावी म्हणजे हरली असं बोलून दाखवा 😄

सांगलीकर_रोखठोक: कौतुक आपल्याला, पण दहावं येऊन तिला स्वतःला कसं वाटलं ते कुणी विचारलंय? आमच्या स्मृती मानधनाला विचारा, 2017 ला लॉर्ड्सवर वर्ल्ड कपची फायनल 9 रननी गेली आणि 2025 ला कप हातात आला, प्रयत्न दोन्हीकडं होतेच की. "प्रयत्न केला ना, बास" हे हरणाऱ्याला झोप यावी म्हणून बोलायचं असतं. एमपीएससीला पाच वर्ष दिलेल्या पोराला म्हणून बघा, फळाची अपेक्षा धरू नको रे बाळा. रूमचं भाडं कोण देणार?

कृष्णाकाठ: गीता अर्धीच सांगतात लोकं म्हणून हा घोळ. कर्मण्येवाधिकारस्ते, त्याच श्लोकाचा शेवट आहे मा ते सङ्गोऽस्त्वकर्मणि, म्हणजे फळ नको म्हणून हातावर हात ठेवून बसायचं नाही. आणि अकराव्या अध्यायात तोच कृष्ण म्हणतो शत्रू जिंक, राज्य भोग. जिंकायची इच्छा धरूच नको असं कुठाय? निकालाच्या धास्तीनं हात कापायला नको, एवढंच. मला तर वाटतं त्या पोराची ढाक दाजी समोर बसलेत ह्या धास्तीनंच सुटली असंल.

खुराकवाली_आई: तुम्ही सगळे 48 आणि 52 करत बसलाय, पोरगं जेवलं का सांगा आधी. माझाही तालमीत आहे. दूध, बदाम, तूप, महिन्याला घर हलतं, त्यामुळं बापाचा राग कळतो मला. पण राग दुसऱ्या दिवशी काढावा हो, दमून आलेल्या लेकराच्या ताटावर नाही.

तालीमवेडा: ताई 🙏

कराडचा_मामा: जेवला ताई, रात्री अकराला आजीनं उठवून दूधभाकरी चारली. पहाटे साडेचारला तालमीत हजर, वस्ताद पाय कुठं टाकायचा तेच परत परत करून घेतायत. दाजींना हा धागा वाचून दाखवला तर म्हणाले तो सांगलीचा माणूस शहाणा आहे. आणि दुपारी बघतो तर दोन किलो बदाम घेऊन आलेत, तेबी न बोलता.

सांगलीकर_रोखठोक: दाजींना नमस्कार सांगा. पुढची चाचणी कधी आहे?