इलेक्ट्रॉन नुसता वापस येत नाही भाऊ
वर एका भाऊनं लिहिलं की ग्राफीनमधला (कार्बनच्या एका अणूइतक्या पातळ थरातला) इलेक्ट्रॉन सुपरकंडक्टरवर (विजेला अजिबात अडथळा न करणाऱ्या पदार्थावर) आपटून नुसता वापस येते, तसं नाही न. सुपरकंडक्टरच्या गॅपपेक्षा (जिथं एकट्या इलेक्ट्रॉनला जागाच नसते त्या एनर्जीच्या पट्ट्यापेक्षा) कमी एनर्जी असली तर तो एकटा आत जाऊच शकत नाही, आणखी एकाला घेऊन जोडीनं जाते अन् मागं होल (इलेक्ट्रॉनची रिकामी जागा) सुटते, हे आंद्रेयेव नावाच्या फिजिक्सवाल्यानं १९६४ लाच सांगून ठेवलं. साध्या धातूत तो होल आल्या वाटेनंच जाते. पण ग्राफीनची फर्मी लेव्हल (इलेक्ट्रॉन जिथवर भरलेले असतात ती एनर्जीची हद्द) डिरॅक पॉइंटच्या (जिथं खालचा व्हॅलेन्स बँड अन् वरचा कंडक्शन बँड भिडतात त्याच्या) जवळ, म्हणजे गॅपपेक्षाही कमी अंतरावर आणली की होल व्हॅलेन्स बँडातला निघते अन् कॅरमच्या स्ट्रायकरसारखा पलीकडं सटकते, हे फिजिक्सवाल्या बीनाकरचं २००६ चं भाकीत. प्रयोगात दिसायला २०१६ उजाडलं, तेही बायलेयर (दुहेरी थराचं) ग्राफीन अन् नायोबियम डायसेलेनाइड या सुपरकंडक्टरच्या जोडावर, कारण एकेरी थरात चार्जची डबकी (जागोजागी कमी-जास्त साचलेला चार्ज) लय त्रास देतात. लाइन जायच्या आत एवढंच टाइप करून राहिलो.