मदत हवी आहे: सूचीतला ‘बर्नुली’ नक्की कोणता?

घाईत_आहे
एका पुस्तकाच्या शेवटची नावांची सूची करतोय. बर्नुली अकरा पानांवर आलाय, मी एकाच नोंदीत सगळे पानक्रमांक कोंबले. संपादकांनी कागद परत पाठवला, समासात लाल पेनाने एकच शब्द: ‘कोणता?’ उद्या सकाळी द्यायचंय. याकोब आणि योहान एकच का? पटकन सांगा.

तळटीप
पुस्तक कशावर? मूळ मराठी की भाषांतर? पानांवर काय आहे ते न सांगता कसं सांगणार, आम्हाला स्वप्न पडतं का?

सावकाश
सख्खे भाऊ, स्वित्झर्लंडमधल्या बाझलचे गणिती. याकोब थोरला (१६५५), योहान धाकटा (१६६७). योहानचा मुलगा डॅनिएल (१७००). दोघे भाऊ पुढे एकमेकांशी भांडले. १७३४ साली पॅरिसच्या अकादमीचं बक्षीस बापलेकांत वाटलं गेलं, तेही बापाला खपलं नाही.

घाईत_आहे
गणिताचा इतिहास, आणखी कशावर असणार? इंग्रजीवरून. पान ४१ नाणेफेक. ७३ द्रवाचा दाब. ९० ‘जॉन बर्नुली, बर्लिन’. ११२ ‘काकांचं पुस्तक पुतण्याने छापलं’, नाव नाही. जेम्सचं काही अडलेलं नाही, त्याची वेगळी नोंद केलीय.

तळटीप
थांबा! जेम्स म्हणजेच याकोब. जुन्या इंग्रजी पुस्तकांत याकोबचा जेम्स आणि योहानचा जॉन करतात, फ्रेंचमध्ये झाक आणि झाँ. एकाच माणसाच्या दोन नोंदी झाल्यात तुमच्या.

घाईत_आहे
अरे देवा.

जुनापुराणा
ऐंशीच्या दशकात बर्नुली बॉक्स मिळायचा, माहिती साठवायला कॉम्प्युटरला जोडायचा. आतली लवचिक तबकडी हवेच्या दाबाने वाचणाऱ्या हेडजवळ तरंगायची. मस्त चीज होती.

सावकाश
४१ याकोब. ७३ डॅनिएल, त्याचं पुस्तक ‘हायड्रोडायनॅमिका’, १७३८. विमान उडतं ते ह्याच्याच तत्त्वावर: प्रवाहाचा वेग वाढला की दाब घटतो.

पंखा_पाचवर
पुन्हा तेच! पंखावरची हवा आणि खालची हवा एकाच वेळी मागच्या कडेला पोचते, असं शिकवतात ना? नाही पोचत. वरची आधी पोचते. पंख हवेला खाली वळवतो, हे कुणी सांगतच नाही.

सावकाश
मी ‘एकाच वेळी’ कुठे म्हटलं? दाबातला फरक तर खोटा नाही ना!

तळटीप
पंखासाठी वेगळा धागा काढा. ११२ चा पुतण्या म्हणजे निकोलाउस. याकोब १७०५ मध्ये वारला, त्याचं संभाव्यतेवरचं ‘आर्स कंजेक्टांडी’ १७१३ साली निघालं, तेव्हा ह्यानेच प्रस्तावना लिहिली. पण जपून, डॅनिएलच्या थोरल्या भावाचं नावही निकोलाउसच. ९० वरचा जॉन हा तिसरा योहान (१७४४–१८०७), पहिल्याचा नातू, खगोलशास्त्रज्ञ. नावापुढे जन्म-मृत्यूची सालं टाका, दुसरा इलाज नाही.

जुनापुराणा
याकोबला थडग्यावर लॉगॅरिदमिक सर्पिल हवं होतं, वेढ्यांतलं अंतर वाढत जाणारं. पाथरवटाने आर्किमिडीजचं कोरलं, सारख्या अंतराच्या वेढ्यांचं. बाझलला अजून आहे.

शुद्धलेखन_प्रेमी
‘बर्नोली’ लिहावे.

घाईत_आहे
अख्खं पुस्तक ‘बर्नुली’ने छापतायत, मी काय करू? पाच नोंदी झाल्या. शेवटचं. १३० वर तळटीप आहे, ‘लोपितालचा नियम, वस्तुतः बर्नुलीचा’. हा कोणता?

तळटीप
योहान पहिला. पैसे घेऊन लोपिताल ह्या फ्रेंच गणितज्ञाला शिकवायचा, नियम छापून आला लोपितालच्या १६९६ च्या पुस्तकात. ‘लोपिताल’खाली १३० टाकलंय का?

घाईत_आहे
नाही. टाकतो.